बोर्डोची कोयती

प्रिय बाब्या,

गणपतीला आलो नाही, नंतर फोनही केला नाही. रागावला असशील. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच, हिची शुगर आटोक्यात. आज लिहितोय ते वेगळ्याच कारणानं. दुसऱ्या कुणाला सांगून ते कळायचं नाही.

दहावीच्या चाचणीत प्रश्न होता, विस्थापन अभिक्रियेचं उदाहरण लिहा. गुण दोन. सगळ्या पोरांनी एकच लिहिलं : मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या द्रावणात लोखंडी खिळा, निळा रंग फिका, खिळ्यावर तांबूस थर. एका मुलीनं मात्र लिहिलं, ‘बोर्डोत चुना कमी पडला तर कोयती तांबडी होते.’ बोर्डो म्हणजे आपलं फवारणीचं, मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक. मी फुली मारली. रात्र झाली होती, शेवटचा गठ्ठा होता, सगळं खरं. पण फुली माझ्या हातानं पडली.

सकाळी अंगणात उभा होतो आणि एकदम तू आठवलास. नववीची तोंडी परीक्षा. तू हेच सांगितलंस, सर म्हणाले, ‘प्रयोगशाळेत कोयती कुठून आली रे?’ वर्ग हसला. मीही हसलो. आदल्याच रविवारी तुमच्या पोफळीच्या बागेत, टाकीशी उकिडवा बसून, मी ती बघितली होती. काकांनी घासून लख्ख केलेलं पातं मिश्रणात धरलं, बाहेर काढलं तर त्यावर तांबं चढलेलं. ‘अजून चुना घाला रे,’ म्हणाले. तू ‘हा पण होता तिथं’ म्हणून माझ्याकडे बघितलंस आणि मी मान खाली घातली. मग दोन महिने अबोला. काकींनी एका ताटात घावन वाढले तेव्हा माझ्या वाटणीचा गूळ खाऊन वर म्हणालास, ‘हिशेब मिटला.’ मिटला नव्हता, बाब्या.

तू आणि ही मुलगी, दोघंही बरोबर होतात. लोखंड तांब्याहून क्रियाशील, म्हणून ते द्रावणात उतरतं आणि तांबं पात्यावर बसतं. 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. चुना पुरेसा पडला की तांबं न विरघळणाऱ्या आकाशी साक्यात अडकतं, पातं पांढरंच राहतं. कमी पडला तर मोकळं राहिलेलं तांबं कोयती रंगवतं आणि झाडाची पानंही करपवतं. म्हणूनच काका लोखंडी बादलीला हात लावू द्यायचे नाहीत. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1885 साली फ्रान्समध्ये, बोर्डोच्या द्राक्षांसाठी हे मिश्रण पुढे आणलं आणि आपल्याकडे पावसाआधी सुपारीच्या घडांवर ते बसतंय. खिळ्याच्या परीक्षानळीत यातलं काय दिसतं? कोयतीत अभिक्रिया आहे, परीक्षा आहे, वर्षाचं पीक आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी. दोन गुण दिले. तिलाच पुढे बोलावून लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम मोरचूद घेऊन मिश्रण करायला लावलं, आधी मुद्दाम चुना कमी. पातं तांबडं झालं तशी मागची बाकं पुढे धावली. मग चुना वाढवला, दुसरं घासलेलं पातं बुडवलं, तसंच लख्ख वर आलं. तिचा चेहरा बघायला तू हवा होतास.

इथंच संपलं असतं तर पत्र लिहिलं नसतं. तास सुटताना तिनं विचारलं, ‘सर, बोर्डात असं लिहिलं तर गुण देतील?’

मी म्हणालो, ‘बोर्डात खिळाच लिही.’

तिनं मान हलवली आणि वही मिटली. तेव्हापासून तिचा हात वर झालेला नाही. तपासणाऱ्याच्या हातात आदर्श उत्तर असतं, मार्च जवळ येतोय, तिचे दोन गुण मी पणाला कसे लावू? पण मीच पुन्हा मान खाली घातली, हे मला झोपू देत नाही. कोयती लिही, खाली शब्दांत समीकरण लिही, असं सांगायचं सुचलं ते घरी पोचल्यावर. उद्या सांगेन. तिला ते आता खरं वाटेल का?

तुझी सुपारी यंदा किती गळली? धाकट्याचं ॲडमिशन झालं का? वहिनींना नमस्कार, काकींच्या डोळ्यांचं काय ते कळव.

एक मागणं आहे. शनिवारी शाळा सकाळची असते. ये. वर्गासमोर उभा राहून नववीत सांगितलंस तेच सांग, यावेळी मी तुझ्या शेजारी उभा राहीन. येताना काकांची कोयती घेऊन ये, पण घासू नकोस. ते तिलाच करू दे.

तुझा,
मास्तर