फोटो रंधावाचा, लेख दारासिंगवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दारासिंगच्या पुण्यतिथीनिमित्त आपण छापलेला लेख काल वाचला आणि हातातला चहा गार झाला. लेखाशेजारी चांगला तीन कॉलमी फोटो आहे. खाली ओळ, ‘कुस्तीसम्राट दारासिंग’. फोटो दारासिंगचा नाही. तो त्याचा धाकटा भाऊ रंधावा. गंमत म्हणजे अख्ख्या लेखात रंधावाचं नाव कुठेही नाही. ज्याचं नाव नाही त्याला तीन कॉलम, आणि ज्याची पुण्यतिथी त्याला फोटोत जागा नाही. कमाल आहे.

माझी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली आहेत, तेव्हा हे नजरेच्या भरवशावर म्हणत नाही. वडिलांच्या वहीत हाच फोटो चिकटवलेला आहे आणि खाली त्यांच्या अक्षरात ‘रंधावा (धाकला)’ असं लिहिलं आहे. आमचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. शिक्षण चौथी. पण फोटोखाली नाव लिहिताना ते तुमच्या संपादकीय विभागापेक्षा जास्त काळजी घेत, असं दिसतं. त्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

दारासिंगला एकेरीत लिहितोय, ते चालवून घ्या. गिरणगावात त्याला कोणी ‘ते’ म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. विठ्ठलाला अरे-तुरे आणि दारासिंगला अरे-तुरे. काडीपैलवान पोरानं उगाच छाती काढली की बायका नळावरूनच ओरडायच्या, ‘मोठा दारासिंग लागून गेलास, आधी बादली उचल!’

आता लेखाकडे. 1954 च्या रुस्तम-ए-हिंद किताबाला दोन ओळी, राज्यसभेला एक, आणि उरलेला सगळा लेख हनुमानाच्या भूमिकेवर. ते एक वेळ सोडून देऊ. पण मध्येच एक वाक्य येतं, ‘त्या काळच्या फ्रीस्टाइल कुस्त्या बहुतांशी नूरा असत.’ नूरा म्हणजे निकाल आधीच ठरवून खेळलेली कुस्ती. हे लिहिणाऱ्याचा जन्म बहुधा रंगीत टीव्हीनंतरचा असावा.

आम्हाला काय कळत नव्हतं? आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत गावाकडचे एक काका राहायचे. तरुणपणी कोल्हापुरात मातीत अंग घासलेला माणूस. त्यांच्या हिशेबी शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत होते ती कुस्ती, बाकी सगळी जत्रा. ‘दोरीच्या आत कसली कुस्ती? दोरीत म्हस बांधत्यात,’ असं म्हणायचे. ‘पाठ लागली की गडी चीत, इषय संपला. ह्यांच्यात तीनपत्तुर मोजत्यात, तवर खालचा उठून परत भांडाय तयार!’ वडील शांतपणे जेवत असायचे. हात धुवून झाल्यावर म्हणायचे, ‘बरं, कुस्ती नूरा. किंगकाँगचं वजनबी नूरा हाय का?’ काका गप्प.

किंगकाँग म्हणजे हंगेरीकडचा तो 200 किलोचा डोंगर. दारासिंग 130 च्या आसपास. दारासिंग त्याला डोक्यावर घेऊन गरगर फिरवायचा. असलं काम ठरवून जमतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी घरातला गॅसचा भरलेला सिलिंडर ठरवून डोक्यावर घेऊन बघावा. सिलिंडर विरोधही करत नाही.

आणि काही कुस्त्या ठरलेल्या असतीलही. धंदेवाईक कुस्ती जगभर तशीच चालते, अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूईत तर ते कोणी लपवतसुद्धा नाही. त्याच डब्ल्यूडब्ल्यूईने 2018 साली दारासिंगला मरणोत्तर आपल्या मानकऱ्यांत जागा दिली. त्यांना जो खरा पैलवान वाटला, तो आपल्याला नूरा. अमेरिकेचा नामांकित जगज्जेता मल्ल लू थेझ याने आपल्या आत्मचरित्रात दारासिंगला अस्सल मल्ल म्हटलं आहे आणि त्याच्याकडून हरण्यात आपल्याला काही कमीपणा वाटला नाही असंही सांगितलं आहे. थेझ म्हणजे कोण हे तुमच्या लेखकाला माहीत असावं, कारण लेखात त्याचं नाव दोनदा आलं आहे आणि दोन्हीदा वेगवेगळं छापलं आहे.

याच थेझमुळे मला हे पत्र लिहावं लागतंय. 29 मे 1968. मुंबईत दारासिंगने लू थेझला हरवलं आणि तो जगज्जेता झाला. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, आणि मुंबईत नव्हतो. मे महिन्यात गिरणगावातलं कुठलं पोर मुंबईत असायचं? परीक्षा संपली की आई आम्हा भावंडांना घेऊन भुदरगडात गावी जायची. त्याआधी एकदा वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर वडिलांनी मला नेलं होतं. सगळ्यात वरची रांग, समोर मुखवटा घातलेला कोणी परदेशी मल्ल. दारासिंग आला तेव्हा वडील बाकावर उभे राहिले. मागचा माणूस शिव्या द्यायला लागला, तर वडील त्याला म्हणाले, ‘तुमी पण हुबं ऱ्हावा की.’ तेव्हाच त्यांनी कबूल केलं होतं की पुढची मोठी कुस्ती असेल तेव्हा परत नेईन. आणि मोठी म्हणावी अशी कुस्ती आली ती नेमकी मे महिन्यात.

बुधवार होता. वडिलांनी खाडा केला आणि गेले. बरोबर काका होते, ते दोरीतल्या म्हशीवाले! तिकीट वडिलांनी काढलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गावी आंतर्देशीय आलं. वडिलांचं पत्र म्हणजे चार ओळी असायच्या. इकडे सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळविणे, मनीऑर्डर केली आहे, मुलांस आशीर्वाद. पण हे पत्र दुमडीच्या कडेपर्यंत, डिंक लावतात त्या पट्टीवरसुद्धा लिहिलेलं. आईला वाचता येत नव्हतं. मी चौथी पास झालेला, सोप्यात उभं राहून मोठ्यानं वाचायला लागलो. शेजारपाजारची आठ-दहा माणसं जमली होती, कारण मुंबईचं पत्र म्हणजे सगळ्यांचंच पत्र.

‘कळविणेस अत्यंत आनंद होतो की आपला दारासिंग हा काल रोजी सर्व जगाचा चॅम्पियन झाला.’

पुढे कुस्ती. आत शिरला, धरला, सोडवला, परत धरला. थेझचं नाव त्यांनी ‘लुथेस’ असं लिहिलं होतं, निदान सगळीकडे सारखं लिहिलं होतं. मी वाचत होतो आणि माझा आवाज भरून येत होता. आनंदानं नव्हे. मला न्यायचं कबूल केलं होतं आणि इथे मी शेण सारवलेल्या जमिनीवर उभा राहून ते पत्रातून वाचतोय, याचा राग. सोप्यातल्या म्हाताऱ्यांनी मात्र दोनदा वाचून घेतलं. एकानं विचारलं, ‘ढाक लावली का घिस्सा?’ पत्रात डावाचं नाव नव्हतं. वडील लांब बसलेले आणि मध्ये खांब होता, हे मला पुढे काकांकडून कळलं.

सगळं वाचून झाल्यावर आई म्हणाली, ‘पैशाचं कुठं लिवलंय?’

पत्र उलटंपालटं करून पाहिलं. मनीऑर्डरीचा उल्लेख नव्हता. मृग तोंडावर आला होता, धूळवाफेची पेरणी गावात सगळ्यांची उरकत आलेली, आणि आमच्याकडे भाताचं बी आणायचं होतं. दोन तिकिटं, एक खाडा आणि कुस्तीनंतर काकांसह चार जणांना इराण्याकडे चहा, यात बियाण्याचे पैसे गेले होते. आईनं माहेरून उसनं बी आणलं. सुगीला ते दीडपट परत करायचं ठरलं. त्या वर्षापासून आमच्या घरात दारासिंगचं नाव निघालं की आईचं एक वाक्य ठरलेलं, ‘माझं बी खाल्लं त्या मेल्यानं.’

मी मोठा झाल्यावर कुठंतरी वाचलं की त्या कुस्तीच्या वेळी थेझ 52 वर्षांचा होता आणि दारासिंग चाळिशीच्या आतला. वडिलांना ते मी कधी सांगितलं नाही. काकांना तर नाहीच नाही.

आपल्या लेखात रामायण मालिकेवर पुष्कळ लिहिलंय, तर त्यातही भर घालतो. 1987 साल, रविवारी सकाळी साडेनऊ. चाळीत तीन टीव्ही, त्यातला एक आमच्याकडे. टीव्हीला हार, समोर उदबत्ती, आणि खोलीत इतकी माणसं की दार लागत नसे. हनुमान आला की सगळे हात जोडायचे. आईही जोडायची. आणि हात खाली घेता घेता पुटपुटायची, ‘बी खाल्लंस माझं.’ नवीन आलेल्या शेजाऱ्यांना वाटायचं हा काहीतरी मंत्र आहे. काका त्या वेळी गिरणी सोडून गावी जायच्या बेतात होते. पडद्यावर गदा घेतलेला दारासिंग बघून म्हणाले, ‘मांडी बघ गड्याची. ही जोर-बैठकांची मांडी हाय. हिच्यात नूरा न्हाई.’ वीस वर्षं लागली या एका वाक्याला. वडिलांनी काही म्हटलं नाही, फक्त आईला चहा टाकायला सांगितला.

आता कुस्तीचा विषय निघालाच आहे म्हणून. तुमच्या रविवारच्या शब्दकोड्यात मध्यंतरी ‘कुस्तीतील एक डाव, दोन अक्षरी’ असं होतं. मी ‘ढाक’ भरलं. पुढच्या रविवारी उत्तर आलं ‘शड्डू’. अहो, शड्डू हा डाव नाही. शड्डू ठोकतात. डाव त्यानंतर सुरू होतो. मी त्याच दिवशी पत्र टाकलं होतं, ते आपण छापलं नाहीत, दुरुस्तीही छापली नाहीत. त्या एका शड्डूपायी माझं उभे 9 आणि आडवे 17 चुकलं. कोड्याची चौकटही हल्ली इतकी बारीक छापता की भरायला सुई घ्यावी लागेल.

असो. 2012 च्या जुलैत दारासिंगला रुग्णालयातून जुहूच्या घरी आणलं, कारण डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी, 12 तारखेला, सकाळी तो गेला. वडील जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. दिवसभर टीव्हीवर तेच चाललं होतं. आई समोर बसून बघत होती. मी म्हटलं, बंद करू का? नको म्हणाली. घरच्यांनी शेवटी घरी आणलं हे ऐकल्यावर म्हणाली, ‘ते बरं केलं पोरांनी.’ मग उठून आतल्या खोलीत गेली. वडिलांच्या फोटोसमोर उभी राहिलेली मला दारातून दिसली. ‘गेला बघा तुमचा दारासिंग,’ एवढंच म्हणाली. बियाण्याचं काही बोलली नाही.

तर मुद्दा फोटोचा. दुरुस्ती छापाल तेव्हा ती आतल्या पानावर लग्नाच्या जाहिरातींखाली बोटभर छापू नका. तीन कॉलमांची चूक आहे, तीन कॉलमी दुरुस्ती द्या, आणि फोटोखाली रंधावाचं नावही एकदा येऊ द्या. तोही पैलवान होता, 2013 साली तोही गेला. दारासिंगचा फोटो आपल्याकडे नसेल तर वडिलांच्या वहीत अकरा आहेत. मात्र वही मी पाठवणार नाही. कोणाला न्यायला पाठवायचं असेल तर सकाळी दहानंतर पाठवा, माझ्यासमोर बसून कॉपी काढा आणि वही जागेवर ठेवून जा. आंतर्देशीय पत्र मागू नका.

आपला,
एक जुना वाचक, लालबाग

ता.क. सोबतच्या झेरॉक्सवर कोपऱ्यात जो डाग दिसतो तो चहाचा आहे, 1968 चा. शाईचा समजून पुसून छापू नये.