विषय : ‘हिमरोधक’ म्हणून विकलेल्या लेपाचे पैसे परत करण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेने माझी तक्रार ‘समाधानकारक निराकरण’ असा शेरा मारून बंद केली. समाधान नेमकं कुणाचं झालं, तेवढं कळवावं. माझी सोलर पॅनल अजून बर्फाखालीच आहेत.

मी मूळचा साताऱ्याचा. हिमाचलमधल्या लाहौलमध्ये सिस्सूला भाड्याच्या घरात होम-स्टे चालवतो. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून इथे हिवाळ्यातही पाहुणे येतात, आणि हिमवृष्टीत लाइन गेली की सगळी भिस्त सोलरवर. तुमच्या डब्यावर हिमशिखर छापलंय, खाली ‘बर्फ टिकणारच नाही’. ऑक्टोबरच्या उन्हात काच धुऊन, सुकवून, सांगितल्याप्रमाणे दोन हात दिले. ‘३० अंशांचा उतार पुरेसा’ हेही तुमच्याच माहितीपत्रकातलं. नाहीतर हिवाळ्यापुरती पॅनल ५५-६० अंशांवर उभी केली असती, बर्फ निदान उतारामुळे तरी खाली आला असता.

आता आजचा फोन. तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, “सर, पॅनलवर मगभर पाणी ओता आणि व्हिडिओ पाठवा. थेंब घरंगळला की कोटिंग ओके.” म्हटलं, मॅडम, इथे उणे आठ आहे. “हो सर, पण प्रोसिजर आहे.” शिडी लावली, एक कोपरा मोकळा केला, पाणी ओतलं. पहिले चार थेंब पळाले. बाकीचं पाणी खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीशी अडलं आणि बघता बघता गोठलं. व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, “सर, यात बर्फ दिसतोय. पाण्याचा व्हिडिओ पाठवा ना.” मी विचारलं, बर्फ दिसतोय हीच तर तक्रार आहे ना? त्यावर बराच वेळ बासरी ऐकवली. मग, “सर, सुरुवातीला थेंब घरंगळताना दिसतायत, म्हणजे प्रॉडक्टमध्ये प्रॉब्लेम नाही. तक्रार क्लोज करते. अजून काही मदत करू शकते का?” फोन ठेवतो न ठेवतो तोच पाच तारे द्या म्हणून मेसेज!

त्या मुलीवर माझा राग नाही, तिच्यापुढे जो कागद ठेवलाय तोच ती वाचणार. पण तो कागद लिहिणाऱ्याला तरी माहीत असेलच की पाणी झटकणं आणि बर्फ झटकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १५० अंशांच्या वरचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) तुम्ही मिरवता, तो पाण्याच्या थेंबाचा. थेंब पळतो कारण लेपाच्या सूक्ष्म खाचांत हवा अडकलेली असते. रात्री त्याच खाचांत दंव धरतं, हवा जाते, आणि वरचा बर्फ त्या खडबडीला घट्ट धरून बसतो. म्हणजे ज्या खरखरीतपणाचे पैसे घेतलेत, तोच इथे नडतो. कडाक्याच्या थंडीतला भुसभुशीत हिम तर कोरडाच असतो, त्यात झटकायला पाणी आहे कुठे? तव्याला डोसा चिकटत नाही म्हणून तोच तवा फ्रीजरला लावा, असं सांगण्यातला हा प्रकार.

बरं, वरचा बर्फ कधी सरकलाच, तरी खालच्या पट्टीशी साठतो. सेलची खालची एक रांग झाकली गेली तरी लांब बाजू उभी ठेवून बसवलेल्या पॅनलची वीज निम्मी, नाहीतर जवळजवळ सगळीच बंद. हेही तुम्हाला मी सांगायचं? शेजारचे आजोबा लाकडी फावड्याने पाच मिनिटांत छत मोकळं करतात आणि माझ्याकडे बघून हसतात. आणि मी उणे आठमध्ये पॅनलवर पाणी ओततोय!

साताऱ्याच्या घराच्या गच्चीला गेली कित्येक वर्षं तुमचंच वॉटरप्रूफिंग आहे, एक थेंब गळलेला नाही. त्या भरवशावर, आपल्या पुण्याची कंपनी म्हणून, हा डबा घेतला. वाईट वाटतं ते याचं.

लेपाचे पूर्ण पैसे आणि लावणावळ पंधरा दिवसांत परत करा. डब्यावरचा तो दावाही काढा. नाहीतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार मी राहतो तिथेही दाखल करता येते. माझं कायमचं घर साताऱ्यात आहे, तेव्हा साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात भेटू. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे तुमच्या वकिलांना ठाऊक असेलच. बिल आणि व्हिडिओ सोबत जोडला आहे. व्हिडिओत बर्फच दिसेल.

तुमचा आजवरचा ग्राहक