तुझ्या फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१८ जानेवारी २०२६

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तुमच्यात बरी युनियन कुठली रं?" आणि मी हसून विषय बदलला. शेजारी आई बसली होती. पगार बक्कळ मिळत असताना पायलटला युनियन कशाला लागते, हे तिला अजून उमगलेलं नाही. एसटीचं स्टेअरिंग धरणाऱ्याला हे सांगणं त्या मानानं सोपं, म्हणून लिहायला बसलोय.

काल रात्री योगायोगानं हाच विषय पुन्हा निघाला. कागलचा एक पोरगा नुकताच फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक झालाय, तो जेवायला आला होता. नागाळा पार्कातले निवृत्त कॅप्टनसाहेबही होते. पांढरा रस्सा संपेपर्यंत सगळं गोड चाललं होतं. मग पोरानं विचारलं, "काका, वर्गणी कुणाची भरू?" आणि साहेबांनी वाटी बाजूला सरकवली.

साहेबांचं म्हणणं, आपल्या कंपनीतली आपली माणसं, बस्स. त्यांचा सगळा जन्म इंडियन पायलट्स गिल्डमध्ये गेला, म्हणजे जुन्या एअर इंडियाची मोठी विमानं चालवणाऱ्यांची संघटना. इंडियन एअरलाइन्सवाल्यांची वेगळी, इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या, संघटना मात्र दोनच राहिल्या. २०११ मध्ये समान पगारासाठी इंडियन एअरलाइन्सवाल्यांनी दहा दिवस संप केला. २०१२ मध्ये ड्रीमलायनरचं, म्हणजे बोइंगच्या नव्या मोठ्या विमानाचं ट्रेनिंग त्यांना कशाला म्हणून गिल्डनं ५८ दिवस. तुम्ही एसटीवाले सरकारात विलीनीकरण मिळावं म्हणून पाच महिन्यांवर घरी बसलात, आमच्यात विलीनीकरण झालं आणि तिथूनच भांडण लागलं! दोन्ही वेळेला कंपनीनं संप करणाऱ्यांची मान्यता काढून घेतली. साहेब हे अभिमानानं सांगतात. मी मनात म्हटलं, ज्या विमानासाठी भांडलात ते पुढं दोन्हीकडच्यांनी उडवलंच की.

आपल्या पेठेत दोन तालमींची फुटबॉल मॅच लागली की तिसऱ्या तालमीचं पोरगं कुणाच्या बाजूनं ओरडतं, ठाऊक आहे ना? कुणाशी जुनं वैर आहे त्यावर ठरतं. आमचं पुष्कळसं तसंच. पोरगा एअरबसवर, साहेब बोइंगवर, आणि वाद खरा त्याचाच.

आता माझं सांगतो, कुणाजवळ बोलू नकोस. गेल्या वर्षी सलग दुसरी रात्र. पहाटे पावणेपाचला उतरत होतो. फ्लॅप, म्हणजे वेग कमी करून उतरताना पंखाच्या उघडायच्या पट्ट्या, मागायची वेळ आली आणि मी नुसता समोर बघत बसलो. शेजारच्या पोरानं हळूच म्हटलं, "सर, फ्लॅप?" एवढंच. नीट उतरलो. हॉटेलवर जाऊन थकव्याचा रिपोर्ट भरला. कंपनीचं उत्तर आलं, रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, नियमात बसतं. आमच्या कंपनीतल्या संघटनेच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "रिपोर्ट भरलास कशाला? तुझी प्रमोशनची फाइल वर गेलीय." वाईट माणूस नाही तो. रोज त्याच मॅनेजमेंटसमोर बसतो, पुढच्या महिन्याचं रोस्टर त्यालाही त्यांच्याकडूनच घ्यायचंय.

सगळ्या कंपन्यांतले पायलट असलेल्या संघटनेतल्या एकाला मग सांगितलं. त्यानं पहिला प्रश्न केला: ड्युटीवर किती वाजता हजर झालास, आधी विश्रांती किती, रात्रीची लँडिंग किती? लिहून घेतलं. माझं लगेच काही भलं झालं असं नाही. पण नियम बदलतात ते अशा कागदांवर.

आणि बदललेही. आठवड्याची विश्रांती ३६ तासांची ४८ झाली, रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची ठरली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी खात्यानं, जानेवारी २०२४ मध्ये हे जाहीर केलं, कंपन्यांनी लांबवलं, दिल्ली हायकोर्टातून २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत आलं. डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली ती तू टीव्हीवर पाहिलीसच. नियम दोन वर्षं आधी ठाऊक असून माणसं कमी पडली. लगेच इंडिगोला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारीपर्यंत सूट! त्यावर एअरलाइन पायलट्स असोसिएशन ऑफ इंडिया उघड बोलली. अहमदाबादच्या अपघातात मेलेल्या कॅप्टनच्या वडिलांबरोबर सुप्रीम कोर्टात गेली ती फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स. दोन्ही एका कंपनीच्या नाहीत. आता त्या दोघींत तरी एकी कुठं आहे म्हणा, पण निदान विमानाच्या साइजवरून भांडत नाहीत.

साहेबांचं एक मात्र खरं: उद्या या पोराचा बॉण्ड, पगारकपात, बदली निघाली तर सगळ्या कंपन्यांची संघटना पत्र लिहील, आणि दारात बसायला कंपनीतलाच माणूस लागेल. म्हणून मी पोराला म्हटलं, दोन्हीकडं वर्गणी भर. साहेब रागावून सोलकढी न घेताच गेले. पोरगा मोबाइलवर हिशोब करत बसला. ट्रेनिंगचं कर्ज फेडतोय अजून.

तुला एक विचारायचं राहिलंय. त्या पाच महिन्यांत पगार बंद असताना वहिनींनी घर कसं चालवलं, हे तू कधी सांगितलं नाहीस. कोल्हापूरला येशील तेव्हा रंकाळ्यावर बसून सांग. १ तारखेपर्यंत मी इथंच आहे.

तुझा,
सुऱ्या