स्नेहल, अण्णांच्या कागदांबद्दल

चि. स्नेहल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी पुसेगावच्या स्टँडवर तू काही न बोलता गाडीत बसलीस आणि पुण्यात पोचल्यावर आईच्या फोनवर नुसतं "पोचले" एवढाच मेसेज. मला राग आलेला नाही. वंशावळीसाठी तू विचारलंस ते साधंच होतं, तुझ्या आजोबांनी, अण्णांनी, मुंबईची कापडगिरणी का सोडली. पण तुझी आजी, माई, ओसरीवर शेंगा फोडत बसली होती आणि तिच्यासमोर मला ते बोलायचं नव्हतं, म्हणून कागदांची ट्रंक बंद केली. आज लिहितो. त्याआधी एकच, तुझा खोकला दिवाळीपासून आहे, डॉक्टरला दाखवलास का? बरं राहू दे, हे पत्र त्यासाठी नाही.

तू म्हणतेस अण्णांची जन्मतारीख जुळत नाही. जुळणार नाही बाळा. शाळेच्या जनरल रजिस्टरला त्यांची तारीख १ जून आहे आणि त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची १ जूनच आहे, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि मास्तर पोराकडं बघून वय धरायचे. मी स्वतः आयुष्यभर ते रजिस्टर लिहिलंय, जुनी पानं चाळताना हे सारखं दिसायचं. खरी तारीख हवी असेल तर वडूजला तहसीलच्या रेकॉर्ड रूममधलं कोतवाल बुक बघ, म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही. त्यात मुलाच्या नावाची जागा बऱ्याचदा कोरी असते, बारशाच्या आधीच नोंद पडायची, म्हणून अण्णांचं नाव शोधत बसू नको, पणजोबांच्या नावावर बघ. आणि सातबाऱ्यावर सगळे उड्या मारतात पण घराण्याची खरी माहिती फेरफारात असते, म्हणजे जमिनीवरचं नाव बदललं की पडते त्या नोंदीत. पणजोबा गेल्यावरची वारसाची नोंद काढ, त्यात सगळे वारस ओळीनं आहेत, जनाआत्यासुद्धा. तिच्याबद्दल माईला काही विचारू नकोस, मला विचार.

आणखी एक, काही कागदावर जिल्हा उत्तर सातारा लिहिलाय म्हणून तू गोंधळलीस. १९४९ ला साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले, १९६० ला दक्षिणचं नाव सांगली झालं आणि आपला नुसता सातारा राहिला. तुझ्या आईकडचे आबा किर्लोस्करवाडीला होते, त्यांच्या कागदांवर दक्षिण सातारा दिसेल, आणि त्याच्याही मागं गेलीस तर औंध संस्थान लागेल, कारण ती वाडी १९१० ला वसली तीच औंधच्या हद्दीत. म्हणजे माणूस एकाच खोलीत राहिला तरी त्याचे पत्ते तीन झाले. तिकडचं नंतर बघू.

आता अण्णांचं. ट्रंकेत निळ्या फडक्यात त्यांचा गिरणीचा पास आहे, त्यावर तिकीट नंबर, म्हणजे कामगाराचा नंबर आहे आणि खात्याचं नाव कार्डिंग. तू फोटो काढलास तेव्हा नंबर बघितलास, खातं बघितलं नसशील. ब्लो रूम आणि कार्डिंग म्हणजे कापूस फोडून पिंजायची खाती, सगळ्यात जास्त धूळ तिथं. पहिल्यांदा बदली म्हणून लागले, रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा असला तर आत. राहायला डिलाईल रोडला आपल्या गावाची खोली होती, पाळीपाळीनं झोपायचे, एक पाळीवरून आला की दुसरा उठून जागा द्यायचा. जेवण खानावळीत. महिन्याला मनीऑर्डर यायची, माई पावत्या सुईदोऱ्यानं ओवून ठेवायची, त्यांचं पुडकं अजून आहे, ते पण रेकॉर्डच समज. कुठल्या महिन्याला पैसे आले नाहीत ते त्यावरून कळतं, आणि का आले नाहीत हे मला आठवतं.

त्यांची छाती धरायची. सुट्टी संपवून कामावर गेलं की पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त, मग आठवडाभर थोडं कमी, परत सुट्टी, परत तेच. गावाला आले की आठ-दहा दिवसांत बरे व्हायचे म्हणून घरच्यांना वाटायचं मुंबईचं पाणी मानवत नाही. त्याला बिसिनोसिस म्हणतात, कापसाच्या धुळीनं होतो, हे मला फार उशिरा एका पुस्तकात वाचून कळलं. गावात दमा म्हणायचे. आणि पाठीमागं क्षय म्हणायचे. सुमनआत्याची सोयरीक त्या शब्दावरून मोडली होती, म्हणून आमच्या घरात खोकला हा विषयच बंद झाला. अण्णा रात्री उठून गोठ्यात जाऊन खोकायचे, आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. मला ऐकू यायचं.

म्हणून मी तुला सारखं विचारतो. तुझा आणि त्यांचा खोकला एक नाही हे मला कळतं, तो काही रक्तातून येत नाही, तू काय कार्डिंगला नाहीस, लॅपटॉपवर काम करतेस. पण तुझ्या फ्लॅटच्या समोर ते बांधकाम चालू आहे, सिमेंटची धूळ खिडकीत बसते हे तूच सांगितलंस. एक एक्स-रे काढायला काय जातंय?

कोयनेचा भूकंप झाला, ११ डिसेंबर १९६७, पहाटे, तेव्हा अण्णा सुट्टीवर घरी होते. मला एका हाताला धरून त्यांनी अंगणात आणलं आणि दुसऱ्या हातात म्हशीचं दावं होतं, एवढं मला स्पष्ट आठवतंय. आपल्याकडं भिंतीला चिरा गेल्या तेवढंच, पण तिकडं पाटण भागात फार हानी झाली. तू तारखा शोधताना घरातल्या म्हाताऱ्यांना साल विचारू नको, भूकंपाच्या आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर असं विचार. उत्तर बिनचूक येतं.

गिरणी सोडली ती या छातीपायीच, त्या दुष्काळाच्या तोंडावर. म्हणून १९८२ च्या संपाशी त्यांचा संबंध नाही, आणि गिरणी कामगारांच्या घराचा अर्ज भरू असं काका दरवर्षी म्हणतो त्यालाही अर्थ नाही, त्याला १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर पटावर असावं लागतं. हे त्याला तू समजावून सांग, माझं ऐकत नाही.

अण्णा घरी बसले आणि माई दुष्काळी कामावर गेली. खडी फोडायला. तिथं मस्टर, म्हणजे हजेरीपट असायचा, मुकादम नावं पुकारायचा आणि पगाराला अंगठा घ्यायचा. सुकडी मिळायची ती ती पदरात बांधून आमच्यासाठी आणायची, घरात लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या भाकरी, त्या गिळवत नसायच्या. स्नेहल, तू सगळं अण्णांचं शोधतेस, पास, तिकीट, फंडाची पावती. माईचं नाव सातबाऱ्याला अण्णा गेल्यावर वारस म्हणून लागलं, शाळेच्या रजिस्टरला कधी लागलंच नाही कारण शाळेत घातलंच नव्हतं. तिनं स्वतः कमावलं म्हणून तिचं नाव लिहिलं गेलं ते त्या मस्टरवर. तुझ्या वंशावळीत तिच्या नावापुढं नुसतं "पत्नी" लिहू नको. खडी फोडली असं लिही.

आणि नोकरी सोडून हेच करायचं असं जे तू आईजवळ बोललीस ते मला पटत नाही. शनिवार-रविवार कर की. हातात पगार असला म्हणजे माणूस ताठ राहतो, आजारपण सांगून येत नाही, औषधाला पैसे लागतात, अण्णांच्या वेळी आम्ही दावणीची म्हैस विकली होती. झालं, लागलो परत शिकवायला. शाळेची सवय आहे, मनावर घेऊ नको. तू मोडी शिकलीस हे मी पारावर चारचौघांत सांगतो. आमच्या पिढीत ते कुणाला वाचता येत नव्हतं, पणजोबांची सही तू वाचून दाखवलीस तेव्हा माई कितीतरी वेळ त्या कागदावरनं हात फिरवत होती.

पासाचे दोन्ही बाजूंचे फोटो आईच्या फोनवरून पाठवलेत, खातं बघ. मनीऑर्डरच्या पावत्या मी लावून ठेवतो, धुळीचं आहे ते सगळं, तू हात लावू नको, आणि लावलास तर तोंडाला रुमाल बांध. वडूजला यायचं तर शनिवार-रविवार नको, ऑफिस बंद असतं, आधी रजा टाक. नकलेच्या अर्जाला कोर्ट फी तिकीट लागतं ते मी आणून ठेवलंय, तू आधारची झेरॉक्स आण. मी स्टँडवर येतो, सकाळची गाडी धर, रात्रीची नको. एक्स-रे काढलास तर तोही पाठव, बिल मी देतो.

तुझे,
पप्पा