मित्रोखिनसाठी चहा मागवणाऱ्या मॅडमना

मॅडम,

स. न. वि. वि.

तुमचं नाव कुठे छापून आलेलं नाही, आणि तुमच्या खात्याच्या रिवाजाला ते धरूनच आहे. त्यामुळे हे पत्र उघडच लिहितो. मार्च १९९२ मध्ये, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका बाल्टिक देशाच्या राजधानीत, ब्रिटिश वकिलातीत एक रशियन म्हातारा आला. कपडे साधारण, हातात प्रवासी पिशवी. कोणातरी अधिकाऱ्याशी बोलायचंय म्हणाला. तुम्ही त्याला आत घेतलंत, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोललात. तो पिशवीच्या तळाशी हात घालून, सॉसेज आणि कपड्यांच्या खालून कागद उपसत होता, तेवढ्यात तुम्ही चहा मागवलात. आणि तो चहा पिईपर्यंत ते कागद वाचायला घेतलेत. त्या वाचण्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत.

मी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालो. त्यामुळे तो म्हातारा, वासिली मित्रोखिन, मला आधी अभिलेखपाल म्हणून कळतो, केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर खात्यातून फुटलेला अधिकारी म्हणून नंतर. सोव्हिएत गुप्त पोलिसांतून फुटलेल्यांची यादी तशी लांबलचक आहे. १९३८ मध्ये ऑर्लोव्ह अमेरिकेला पळाला, १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियात पेत्रोव्ह नवराबायको फुटले, १९८५ मध्ये गोर्दिएव्स्की गाडीच्या डिकीत झोपून फिनलंडच्या हद्दीत पोचला. त्यांच्या गोष्टी सांगायला सोप्या, कारण त्यांत पाठलाग आहे. मित्रोखिनच्या गोष्टीत कपाटं, याद्या आणि सील. म्हणूनच मला ती जास्त धाडसाची वाटते.

माणूस १९२२ सालचा, रियाझान प्रांतातल्या युरासोवो गावचा. इतिहास शिकला, कायदा शिकला, खार्किवला लष्करी सरकारी वकिलांच्या कार्यालयात काम केलं आणि १९४८ मध्ये परदेशी हेरखात्यात रुजू झाला. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकला सोव्हिएत पथकाबरोबर गेला होता. ते वर्ष संपता संपता त्याला बाहेरच्या कामगिरीवरून काढून दप्तरात बसवलं. आमच्याकडे पोलिसांत याला साइड पोस्टिंग म्हणतात. साइडला टाकलेला माणूस एकतर खुर्चीत पेंगतो, नाहीतर वाचायला लागतो. मित्रोखिन वाचायला लागला. त्याच वर्षी ख्रुश्चेव्हने बंद दाराआड स्टालिनचे गुन्हे मोजून दाखवले होते, त्यामुळे काय वाचायचं हेही त्याला कळत असणार.

१९५८ मध्ये रशियन लेखक पास्तरनाकवर सरकारी झोड उठली तेव्हा या गृहस्थाने त्याची बाजू घेणारं निनावी पत्र एका साहित्यिक नियतकालिकाला पाठवलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. आणि मग बरेच दिवस घाबरून राहिला, कारण निनावी पत्र लिहिणाऱ्याला हुडकायला खातं किती माणसं कामाला लावतं, हे त्याने फायलींतच वाचलं होतं. पुढे १९६८ मध्ये सोव्हिएत फौजांनी प्राग चिरडलं. पॅरिसमध्ये फुटलेल्या नर्तक नुरेयेव्हच्या पायांना इजा करायचा बेत त्याने कागदावर पाहिला. नाचणाऱ्या माणसाचे पाय मोडायचे, आणि त्यावर टिपणी, आणि त्या टिपणीवर सही! सरकारी भाषेत काहीही लिहिता येतं, हे माझ्यासारख्याला सांगायला नको.

१९७२ मध्ये खातं लुब्यांकाच्या जुन्या इमारतीतून मॉस्कोबाहेर यासेनेवोला हलायला लागलं. परदेशी हेरखात्याच्या सुमारे ३ लाख फायली. त्या तपासायच्या, सील करायच्या, तिकडे पोचल्यावर पुन्हा लावायच्या, आणि हे सगळं मित्रोखिनच्या देखरेखीखाली. दप्तर हलवणं म्हणजे काय असतं, हे ज्याने हलवलंय त्यालाच माहीत. आमचं दप्तर नव्या इमारतीत नेलं तेव्हा लाल कापडाचे रुमाल सोडून बांधायचे, वाळवी लागलेले वेगळे काढायचे, यादीशी ताळा घ्यायचा, असं कित्येक महिने चाललं होतं. त्या काळात एकही साहेब खोलीकडे फिरकला नाही. धुळीने शिंका येतात ना. बांधाच्या भांडणांपासून चौकशी अहवालांपर्यंत तालुक्याची सगळी कुंडली तेव्हा एका कारकुनाच्या हातून जात असते, आणि त्याच्याकडे कोणी बघत नसतं. केजीबीने नेमकं हेच केलं. ज्याला भरवशाचा नाही म्हणून दप्तरात टाकलं, त्याच्याच हातात सगळं दप्तर दिलं.

सुरुवातीला तो मजकूर पाठ करून घरी जाऊन लिहायचा. ते जमेना, तेव्हा बारीक अक्षरात चिटोऱ्यांवर उतरवून ती बुटात घालून न्यायला लागला. पुढे कळलं, की फाटकावर पिशव्या कधीमधी तपासतात, अंगाची झडती घेत नाहीत. मग साधे ऑफिसचे कागद कोटाच्या आणि पँटच्या खिशांत. आठवडाभर ते घरात गादीखाली राहायचे आणि सुट्टीला मॉस्कोपासून ३६ किलोमीटरवरच्या त्याच्या डाचावर, म्हणजे गावाबाहेरच्या घरी, जायचे. तिथे टाइप करायचे आणि जमिनीखाली पुरायचे. पहिलं भांडं दुधाची बरणी होती, मग पत्र्याच्या पेट्या. हे जवळजवळ बारा वर्षं चाललं, १९८४ मध्ये तो निवृत्त होईपर्यंत. बारा वर्षं रोज संध्याकाळी त्या फाटकातून बाहेर पडताना चेहरा सरळ ठेवायचा! मला तर आवक-जावक रजिस्टरमधली साधी खाडाखोड झाली तरी घाम फुटायचा.

निवृत्तीनंतर आठ वर्षं तो त्या पेट्यांवर बसून राहिला. सोव्हिएत संघ मोडला, हद्दी सैल झाल्या, तेव्हा कुठे पिशवी घेऊन निघाला. मुद्दाम जुनेपाने कपडे घातले, म्हणजे हद्दीवरच्या शिपायांचं लक्ष जाऊ नये. आधी गेला अमेरिकनांकडे. तिथे त्याचं काही जमलं नाही. कागद अस्सल नाहीत, हाताने उतरवलेल्या नकला आहेत, खोट्याही असू शकतील, असं त्यांना वाटलं. त्यांचंही सगळंच चुकलं असं म्हणवत नाही. त्या दिवसांत जुन्या केजीबीवाल्यांची रीघ लागली होती आणि प्रत्येकाकडे काहीतरी विकायला होतं. पण हा विकायला आला नव्हता.

मग तो तुमच्याकडे आला.

मॅडम, मी खिडकीच्या आत आयुष्य काढलंय. खिडकीवर आलेल्या माणसाचे कपडे आधी दिसतात, कागद नंतर. सातबाऱ्यासाठी आलेल्या म्हाताऱ्याला 'उद्या या' म्हणायला काही लागत नाही. ते म्हटल्याबद्दल कोणाची नोकरी गेल्याचं ऐकिवात नाही. तुमच्या टेबलासमोरही असाच एक जण होता. ओळखपत्र पुढे करण्याआधी सॉसेज बाहेर काढणारा, आणि आधीच एका दारातून परत फिरलेला. तुम्ही आधी वाचलंत आणि मग प्रश्न विचारलेत. हा क्रम किती जण पाळतात? त्याने सांगितलं, की हा नमुना आहे, असं बरंच आहे, त्यात ब्रिटनबद्दलही आहे. तुम्ही त्याला महिनाभराने पुन्हा यायला सांगितलंत. तुमचं 'पुन्हा या' खरं होतं, कारण ९ एप्रिलला तो परत आला तेव्हा तुमच्या हेरखात्याची माणसं त्याची वाट पाहत बसली होती. त्या दिवशी त्याने पासपोर्ट, पक्षाचं कार्ड आणि केजीबीच्या पेन्शनचा दाखला समोर ठेवला आणि टाइप केलेली दोन हजारांवर पानं दिली. पेन्शनचा दाखला वाचून मला फार आपलंसं वाटलं. निवृत्त माणसाचा खरा पुरावा तोच.

पुढचं भराभर झालं. ११ जूनला तो पाठीवरच्या पिशवीत आणखी कागद घेऊन आला, सप्टेंबरमध्ये गुपचूप इंग्लंड पाहून आला, ऑक्टोबरमध्ये घरच्यांना सांगायला मॉस्कोला परतला. ७ नोव्हेंबर १९९२ ला कुटुंबाला घेऊन त्याच राजधानीत पोचला. ऑक्टोबर क्रांतीला त्या दिवशी बरोबर ७५ वर्षं झाली होती. दिवस मुद्दाम निवडला की योगायोग, कोण जाणे. मागोमाग सहा मोठ्या पेट्या लंडनला आल्या. ब्रिटनमध्ये तो दुसऱ्या नावाने राहिला आणि जानेवारी २००४ मध्ये न्युमोनियाने गेला.

त्या पेट्यांनी काय केलं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने कोणत्याही स्रोताकडून आलेली ही सर्वांत पूर्ण आणि विस्तृत माहिती म्हटलं. सप्टेंबर १९९९ मध्ये ब्रिटिश इतिहासकार ख्रिस्टोफर अँड्र्यू यांच्याबरोबरचं पहिलं पुस्तक आलं आणि लंडनच्या कडेला राहणाऱ्या ८७ वर्षांच्या मेलिटा नॉरवूड नावाच्या आजी, अणुसंशोधनाची कागदपत्रं मॉस्कोला देणाऱ्या जुन्या हेर निघाल्या. त्यांच्यावर खटला मात्र भरला नाही. शंका काढणारेही होते. मूळ फाइल कोणी पाहिलेली नाही, एका माणसाने उतरवून घेतलेलं किती धरायचं, असं ते विचारत. शंका रास्त आहे. नक्कल प्रमाणित आहे का, हे मीही नोकरीत रोज विचारत होतो.

माझ्या आभाराचं खरं कारण मात्र दुसऱ्या पुस्तकात आहे. ते २००५ मध्ये आलं आणि त्यात भारतावर दोन प्रकरणं निघाली. दिल्लीत गदारोळ झाला. भाजपने चौकशी मागितली, काँग्रेसने सगळं उडवून लावलं, आणि चार दिवसांनी विषय मिटला. कोणाला पैसे पोचले या बातम्यांवर लोकांनी चर्चा केली. माझी नजर अडकली ती एका आकड्यांच्या ओळीवर. केजीबीच्या हिशेबाने १९७२ मध्ये भारतीय वर्तमानपत्रांत त्यांनी ३,७८९ लेख पेरले. १९७३ मध्ये २,७६०. १९७४ मध्ये ४,४८६. १९७५ मध्ये ५,५१०.

हे आकडे वाचून कोणाला आपला देश विकला गेला असं वाटलं असेल. मला हसू आलं. हे उद्दिष्टपूर्तीचे आकडे आहेत, मॅडम! मार्चअखेर असेच आकडे आम्हीही वर पाठवायचो. किती झाडं लावली, किती अर्ज निकाली काढले. झाड जगलं का, हा रकाना तक्त्यात नसतो. दिल्लीतल्या केजीबीवाल्याने मॉस्कोला कळवलेल्या ५,५१० लेखांत किती त्याचे, किती संपादकाने आपल्याच मताने छापलेले, आणि किती निव्वळ कागदी घोडे? त्या वर्षानंतर दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, इथल्या मतदारांनी जो निकाल दिला तो काही त्या लेखांनी अडला नाही. पण म्हणून हे सगळं झूठ होतं असंही नाही. पैसे आले होते, माणसं लागली होती, आणि वाचणाऱ्यांना कळत नव्हतं. भित्या आणि फुशारक्या एकाच कागदावर कशा नांदतात, हे मूळ आकडा समोर असल्याशिवाय दिसत नाही. तो आकडा मित्रोखिनने उतरवून घेतला आणि तुम्ही तो परत पाठवला नाहीत.

७ जुलै २०१४ ला केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजातल्या अभिलेखागाराने त्याच्या कागदांच्या ३३ खोक्यांपैकी १९ खोकी संशोधकांसाठी उघडली. त्यात टाइप केलेली रशियन पानं आहेत. बुटात घालून आणलेली ती हस्तलिखित चिटोरी अजून बंदच आहेत. ती कधीतरी उघडावीत, असं तुमच्या सरकारला माझं विनंतीवजा सांगणं आहे.

आणि एक. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही लंडनला काहीतरी लिहून पाठवलं असणारच. असे असे गृहस्थ आले होते, सोबत असे असे कागद होते, पुढील आदेश व्हावेत. आमच्याकडे कागद निकाली निघाला की त्याला अ, ब, क, ड असा वर्ग लावतात, आणि ड वर्ग वर्षभरात रद्दीत जातो. तुमच्याकडे काय पद्धत आहे माहीत नाही. तुमची ती टिपणी माझ्या हाताखालून गेली असती, तर मी कोणालाही न विचारता तिच्यावर 'अ, कायम' असा शेरा मारला असता.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त अभिलेखपाल