ग्राफिंग कॅल्क्युलेटरला स्पीकर थेट जोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्राफिंग कॅल्क्युलेटरला आवाज देण्याची युक्ती छापून आली आहे. कल्पना चांगली, पण जोडणी चुकीची. जुन्या मोबाइलचा ८ ओहमचा स्पीकर थेट लिंक पोर्टच्या तारांना लावा, असं त्यात सांगितलं आहे. लातूर-नांदेडकडे ही यंत्रं फारशी विकत मिळत नाहीत. असतात ती बहुतेक कुणा नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेली किंवा जुनी घेतलेली. एक बिघडलं तर दुसरं मिळणं अवघड, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी लिहितो आहे ते टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८३ प्लस आणि टीआय-८४ प्लस या दोन मॉडेलांबद्दल. दोन कॅल्क्युलेटर एकमेकांना जोडण्यासाठी त्यांना २.५ मिमीचं पोर्ट असतं. त्यात एक ग्राउंड आणि दोन सिग्नलच्या तारा. टीआय-८४ प्लस सीई या रंगीत पडद्याच्या मॉडेलला हे पोर्टच नाही, तेव्हा त्याच्या मालकांनी पुढचं वाचून पेचकस हातात घेऊ नये.

या दोन्ही तारा एरवी 'वर', म्हणजे व्होल्टेजवर असतात, पण त्यांना वर धरणारा असतो आतला एक रेझिस्टर. यंत्र तार खाली ओढू शकतं, वर ढकलू शकत नाही. अशा तारेला ८ ओहम म्हणजे जवळजवळ शॉर्टच. स्पीकर लावला की तार कायमची खाली बसते, पलीकडचं कुणीतरी काही पाठवतंय असा यंत्राचा समज होतो, लिंकिंग बंद पडतं आणि आवाज आला तरी जेमतेमच येतो.

नुसतं टीक-टीक, पीं-पीं हवं असेल तर स्पीकर नकोच. बझरमधली पितळी पिझो पत्री (व्होल्टेज बदललं की थरथरणारी चकती) घ्या, २० किंवा २७ मिमीची. तिच्यातून डीसी जात नाही, त्यामुळे तार खाली बसत नाही. ती ग्राउंडला न जोडता दोन सिग्नल तारांच्या मध्ये जोडा आणि प्रोग्रॅममध्ये एक तार खाली असताना दुसरी वर ठेवा. पत्रीला दुप्पट झोका मिळतो. पांढऱ्या भागावर डाग देताना सोल्डरिंग आयर्न एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये. चांदीचा थर सुटून आला की पत्री गेली. चिकटवताना दुहेरी टेप फक्त कडेला लावा, कारण पूर्ण पाठ चिकटवली तर ती थरथरणार कशी?

खऱ्या स्पीकरला मध्ये अँप्लिफायर लागतो. एक ट्रान्झिस्टर टाकला की झालं, असं बरेच जण समजतात. पण तार एरवी वर असते हे विसरून बीसी ५४७ चा बेस रेझिस्टरमधून सरळ जोडला, तर शांततेतही ट्रान्झिस्टर चालूच राहतो आणि स्पीकरमधून कॅल्क्युलेटरचे सेल रिकामे होत राहतात. बीसी ५५७ उलटा लावूनही भागत नाही. सेलचे ६ व्होल्ट तारेच्या पातळीपेक्षा वर असले, की तोही पूर्ण बंद होत नाही.

म्हणून एलएम ३८६ हा अँप्लिफायरचा आयसी बरा. ४ व्होल्टपासून चालतो आणि बाजारात सहज मिळतो. सिग्नलची एक तार घ्या, तिला आधी १०४ चा सिरॅमिक कंडेन्सर (०.१ मायक्रोफॅरड), मग १०० किलोओहमचा रेझिस्टर, मग १० किलोओहमच्या प्रीसेटचं (पेचकसाने फिरवून कमी-जास्त करायच्या रेझिस्टरचं) एक टोक. प्रीसेटचं दुसरं टोक ग्राउंडला, मधला पाय आयसीच्या ३ नंबरला. २ आणि ४ नंबर ग्राउंडला, ६ नंबरला सेलचा प्लस, १ आणि ८ मोकळे. ५ नंबरवरून २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, ३३ ओहमचा रेझिस्टर आणि स्पीकर. ५ नंबर ते ग्राउंड १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड एकामागे एक लावले नाहीत तर आयसी शिट्टी घालू शकतो. ६ आणि ४ च्या मध्ये आणखी एक २२० मायक्रोफॅरडचा असू द्या.

तो १०० किलोओहम गाळू नका. या आयसीच्या इनपुटला ०.४ व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही, आणि पोर्टवरचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. शिवाय तारेवर भार इतका कमी पडतो की केबलने लिंकिंगही नीट चालतं. ३३ ओहमने आवाज थोडा बसतो, पण तो नसला तर अर्धवट उतरलेल्या सेलवर आवाज मोठा होताच पडदा फिका पडतो किंवा यंत्रच बंद होतं.

प्लसच्या तारेत छोटा स्लाइड स्विच हवाच. आयसी नुसता बसून ४ मिलिअँपियर खातो. एएए अल्कलाइन सेल साधारण १००० मिलिअँपियर-तासांचे धरले, तर स्विच चालू राहिल्यास दहा दिवसांत चारही सेल संपले.

उघडण्याआधी दोन कामं. पहिलं, सगळे प्रोग्रॅम आर्काइव्हमध्ये टाका. रॅममधलं सगळं सेल काढल्यावर जाऊ शकतं, आर्काइव्हमधलं राहतं. दुसरं, २.५ ते ३.५ मिमीची पिन लावून पोर्ट एखाद्या ऑक्सवाल्या स्पीकरला जोडा आणि प्रोग्रॅम वाजवून बघा. इथे आवाज आला नाही तर दोष प्रोग्रॅमचा, उगाच झाकण उघडू नका. स्क्रू टॉर्क्सचे, म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या खाचेचे आहेत. चपटा पेचकस घुसवला की डोकं घासतं. आत काही यंत्रांत झाकणाला धातूचं आवरण असतं, तेव्हा आयसीच्या बोर्डाखाली कॅप्टॉन टेप (वीजरोधक टेप) लावा आणि पडद्याकडे जाणारी पट्टी अजिबात वाकवू नका.

स्पीकर बसवायला ग्लू गन वापरू नये. आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत यंत्र तासभर राहिलं की तो गोंद मऊ होतो. सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, ते तांबं खातं.

प्रोग्रॅम असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, लिहावा लागतो. यंत्राच्या झेड-८० प्रोसेसरच्या ० नंबर पोर्टचे खालचे दोन बिट म्हणजे त्या दोन तारा. १ लिहिलं की तार खाली, ० लिहिलं की मोकळी. ६ मेगाहर्ट्झवर ४४० हर्ट्झचा सूर हवा तर दर ६८१८ क्लॉकने बिट उलटवा. टीआय-८४ प्लस १५ मेगाहर्ट्झवर चालत असेल तर तोच प्रोग्रॅम ११०० हर्ट्झ वाजवेल. इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच दुसऱ्या कामाला लावणारे संकेत) बंद केले नाहीत तर सूर खरखरतो.

गाणी वाजवण्यापेक्षा याचा मोठा उपयोग अंध विद्यार्थ्यांना आहे. ओरायन टीआय-८४ प्लस हे बोलणारं यंत्र आलेख सुरांतून ऐकवतं. तसं साधं रूप इथेही जमतं. आलेखाच्या तळाच्या ओळीला २२० हर्ट्झ, सगळ्यात वरच्या ओळीला १७६०, म्हणजे तीन सप्तकं. या एकूण ६३ ओळींत दर ओळीला ठरावीक हर्ट्झ वाढवू नका, १.०३४ ने गुणत जा. कानाला फरक कळतो तो पटीचा, बेरजेचा नव्हे. दर स्तंभाला ३० मिलिसेकंद दिले तर ९५ स्तंभांचा आलेख तीन सेकंदांच्या आत ऐकून होतो, आणि परवलयाचा तळ कुठे आला ते सहज ओळखू येतं.

एक गोष्ट पुरवणीत यायला हवी होती. असं यंत्र परीक्षेला नेता येणार नाही. जेईई मेनला कॅल्क्युलेटरच चालत नाही, गेटला पडद्यावरचाच वापरावा लागतो, आणि प्रोग्रॅम करता येणारं यंत्र इतर बहुतेक परीक्षांतही दारातच अडवतात.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापताना जोडणीची आकृतीही द्यावी, ही विनंती. आयसीची १ नंबरची पिन खाचेवरून कशी ओळखायची ते त्यात ठळक दाखवावं. उलटा बसवलेला एलएम ३८६ लगेच तापतो.

आपला,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक शिल्प निदेशक, लातूर