आईच्या वजनाबद्दल, थोडं उशिरा

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली, "डॉक्टरांनी पुन्हा तेच ऐकवलं, तोंडावर ताबा ठेवा." तू ते सहज सांगून गेलीस, मला मात्र रात्री झोप लागली नाही. कारण हेच वाक्य कित्येक वर्षं मीही तुला ऐकवत आले. बाबा तुझ्यापेक्षा जास्त जेवतात आणि तरी सडपातळ आहेत, हे रोज डोळ्यांसमोर असताना.

गेले काही महिने मी आतड्यातल्या जंतूंबद्दल वाचतेय. २००४ साली अमेरिकेत, सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने जन्मापासून निर्जंतुक ठेवलेल्या उंदरांमध्ये साध्या उंदरांच्या आतड्यातले जंतू सोडले. १४ दिवसांत त्या उंदरांच्या अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. आणि त्यांचं खाणं? ते उलट कमी झालं होतं! हे वाचताना मला तूच आठवलीस, आई.

पुढे २०१३ मध्ये त्याच गटाने जुळ्या बहिणींचे जंतू घेतले, एक बारीक आणि एक लठ्ठ अशा जोड्यांमधले. लठ्ठ बहिणीचे जंतू मिळालेले उंदीर जास्त चरबी धरू लागले. त्यांना बारीक बहिणीचे जंतू असलेल्या उंदरांसोबत एकाच पिंजऱ्यात ठेवलं, तर तो फरक टळला. पण खाण्यात चोथा (फायबर) भरपूर आणि चरबी कमी असेल तरच. नुसते चांगले जंतू येऊन भागत नाही, त्यांना जगायला खाऊ लागतो.

तो खाऊ म्हणजे चोथा. आपल्याला तो पचत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू तो आंबवतात आणि त्यातून काही आम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराचं पोषण करतं. पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या संप्रेरकांनाही या आम्लांमुळे चालना मिळते. अस्तर कमकुवत झालं, की जंतूंचे अंश रक्तात झिरपतात, अंगात मंद दाह सुरू राहतो आणि इन्सुलिनला नीट काम करता येत नाही.

बाबा, हे तुमच्यासाठीही आहे. तुम्ही सडपातळ असूनही तुम्हाला साखर आहेच. ॲमस्टरडॅममध्ये २०१२ साली सडपातळ माणसांचे आतड्यातले जंतू चयापचय बिघडलेल्या पुरुषांना दिले, तेव्हा सहा आठवड्यांनी त्यांचं इन्सुलिन बरं काम करू लागलं, वजन मात्र हललं नाही. नंतरच्या अभ्यासात असा फायदा १८ आठवड्यांपर्यंत ओसरलेला दिसला. तुमची साखरेची गोळी, मेटफॉर्मिन, तीसुद्धा काही अंशी या जंतूंमार्फत काम करते असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं, तेव्हा "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.

आई, तू विचारलेली ती प्रोबायोटिकची, म्हणजे चांगल्या जंतूंची, कॅप्सूल घेऊ नकोस. तिने लक्षात येण्याजोगं वजन उतरतं याला भरवशाचा पुरावा नाही. शौचाच्या तपासणीचा महागडा अहवालही नको, त्यावरून वजनाचा उपाय ठरवता येत नाही. कडधान्यं, भाज्या, फळं वाढव, पण हळूहळू. एकदम वाढवलीस तर पोट फुगेल आणि तू सगळंच सोडून देशील, मी तुला ओळखते. आणि घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी सर्दीला म्हणून घेत जाऊ नका, दोघांनीही. सर्दी तिने बरी होत नाही, उगाच आतड्यातले कामाचे जंतू मात्र मरतात.

माणसाच्या वजनात जंतूंचा वाटा नेमका किती, हे अजून ठरलेलं नाही. आनुवंशिकता, झोप, वय, औषधं, हे सगळं त्यात आहे. पण ताबा नाही म्हणून तुझं वजन वाढलं, असं मी तरी यापुढे म्हणणार नाही. इतकी वर्षं म्हटलं, त्याबद्दल मला माफ कर.

रविवारी फोन करते. बाबा, उपाशीपोटीच्या साखरेचा आकडा लिहून ठेवा. आई, तुझ्या वजनाचा मी विचारणार नाही.

तुमची,
ताई